अखेरचा पेंटर

सव्वीस वर्षं तिनं समोर येईल त्या विषयावर लिहिलं. प्रेतं धुणाऱ्या बायका, तुरुंगातलं ग्रंथालय, सर्कस सुटलेला विदूषक, कर्णबधिर पोरांचं नाटक. नोकरी कुठंच नाही; आज या पेपरात, उद्या त्या. थोरली बहीण, जिच्या घरी ती राहायची, तिला भटकभवानी म्हणायची. "एका घरची सून झाली नाहीस, ते सोड. एका पेपरची तरी हो!"

एवढ्या भटकंतीत तिला एक किल्ली सापडली होती. ‘अखेरचा’ हा शब्द. अखेरचा बाहुलीवाला, अखेरची दाई, अखेरचा कल्हईवाला. असा मजकूर कधी परत येत नसे. पुरवणीचे संपादक तर म्हणायचेच, "एक असला तर लेख, दोन असले तर नुसता धंदा." मग दुसरा कोपऱ्यात बसलेला दिसला, तरी ती मान वळवून घ्यायची. सगळेच घेतात हो, तिचीच काय कथा!

त्याच संपादकांचा एका सकाळी फोन आला. "अकरा वर्षांपूर्वीचा तुमचा तो पाट्या रंगवणारा पेंटर, आहे का बघा. असला तर लेख करा. नसला तर आणखी छान."

पेंटर होता. बोळातल्या त्याच लांबट खोलीत, त्याच स्टुलावर. रंगाचे डबे झाकण घट्ट बसून तसेच पडलेले, आणि उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत होता. शेजारी दुसरं स्टूल रिकामं. ती त्यावर बसायला गेली, तर तो चटकन म्हणाला, "तिथं नको बाई. इकडं बसा."

त्यानं चष्म्याच्या डबीतून घडी घातलेलं कात्रण काढलं. घडीवर चिरलेलं. "भांडायला नाही बसवलं तुम्हाला. एकच विचारतो," म्हणत त्यानं शेवटची ओळ वाचली. "‘माझ्यानंतर हा ब्रश धरणारं कोणी नाही,’ असं म्हणून पेंटरकाका खिडकीबाहेर बघत राहिले." मग त्यानं मान वर केली. "खिडकी कुठाय हो इथं?"

तिनं चारी भिंती पाहिल्या. खिडकी नव्हती. कधीच नव्हती.

"असं मी बोललोच नव्हतो. अक्षरं माझी आणि सावली पोरीची, असं आमचं काम. अक्षराच्या कडेला ती अशी सावली टाकायची, की अक्षर पाटीतून उठून बाहेर यायचं. पाच वर्षं या स्टुलावर बसली. तुम्ही आलात त्या दिवशीही इथंच होती. लेख वाचला आणि म्हणाली, बाबा, मी कोणीच नाही का? मी शपथा घेतल्या, पाया पडायचा बाकी राहिलो. तर म्हणते, छापून आलंय ते खोटं आणि तुम्ही तेवढे खरे? आठवड्यात घर सोडलं. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. निरोप धाडला. आईला पोचवायलासुद्धा आली नाही."

"मला कळवायचं तरी, काका."

"पेपरच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली की तुमच्या नावानं!"

त्या कार्यालयात तिला ना टेबल होतं, ना टपालाचा खण. बाहेरून लिहिणाऱ्या माणसाची पत्रं कोण सांभाळतो?

"माझं ती ऐकायची नाही," पेंटर म्हणाला. "छापलेलं ऐकेल. तेवढं एकदा छापा, की मी असं म्हणालो नव्हतो. माझे दिवस फार नाहीत."

तिनं शब्द दिला. घरी येऊन माळ्यावरचे खोके उपसले. बहीण खालून ओरडत होती, "धूळ कोण काढणार, तुझे वाचक?" तिसऱ्या खोक्यात अकरा वर्षांपूर्वीची वही सापडली आणि वहीत ते पान. ‘माझ्यानंतर ही आहे की! सावली माझ्यापेक्षा सफाईनं टाकते.’ तिचंच अक्षर, हिरव्या शाईत. त्यावर तिनंच मारलेली आडवी काट. तिला स्वतःची इतकी शरम वाटली, की ती माळ्यावरच बसून राहिली.

लेख तिनं एका बैठकीत लिहिला. वाक्य आपण बनवलं होतं, हेही लिहिलं. संपादकांनी वाचून फोन केला. "वेड लागलंय का? आपणच खोटं छापलं म्हणून आपणच दवंडी पिटायची? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मग छापू नका. परत द्या."

"पान लागलंय हो! बघतो मी."

त्यांनी बघितलं ते असं. रविवारी मथळा होता, ‘अखेरचा ब्रशही वाळला’. पोरीचा परिच्छेद गायब. आणि मधोमध चौकटीत, ठळक अक्षरांत, अकरा वर्षांपूर्वीचं तेच वाक्य. खिडकीसकट. तिनं फोन करकरून पाहिला. संपादक बैठकीत होते. दुसऱ्या दोन पेपरांत विचारलं, तर उत्तर एकच. विषय येऊन गेला की.

राहिली वही. पोरीचा पत्ता पेंटरला तोंडपाठ होता, जाण्याची हिंमत तेवढी नव्हती. सोमवारी ती वही घेऊन निघाली.

पोरगी आता तिशीची बाई झाली होती. बॅनर छापायच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे बसायची. रविवारचा पेपर टेबलावरच होता.

"त्यांनी पुन्हा तेच सांगितलं," ती थंडपणे म्हणाली. "आता काय राहिलंय?"

"त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मी बनवलं होतं ते. हे बघा, खरं काय बोलले ते."

बाईनं पानाकडे न बघताच ओठ मुडपले. "तेही तुमच्याच हातचं, हेही तुमच्याच हातचं. काल बसून लिहिलं नाही कशावरून?" मग तिची नजर पानावर गेली आणि तिथंच खिळली. बोट हळूच त्या ओळीवर आलं.

"हे माझं पेन," ती म्हणाली. "हिरवं. मापं लिहायचं. तुमचं चालेना म्हणून मी दिलं आणि चहा आणायला गेले होते."

ती वाचत राहिली. एकदा, दोनदा. ओळ केवढी, पण संपेचना. तोंडावरचा राग उतरला आणि त्याखाली काहीच उरलं नव्हतं.

"म्हणजे ते खरं सांगत होते," ती म्हणाली. "मग आई गेली तेव्हा मी गेले नाही, ते कशासाठी?"

सव्वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारणाऱ्या बाईनं नुसतं "माझं चुकलं" म्हटलं. ते तिथं कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक वाकून म्हणालं, "ताई, नावाला जरा सावली टाका ना." बाईनं एक बटण दाबलं. सावली पडली. मग तिनं पान वहीतून सरळ फाडून घेतलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"बाबांना सांगू नका मी वाचलं म्हणून."

"अहो, पण ते वाट बघताहेत!"

"कुठल्या तोंडानं जाऊ मी त्यांच्यासमोर? वाचलं कळलं, तर रोज दाराकडे बघत बसतील. नका सांगू." आणि तिनं तोंड पडद्याकडे फिरवलं.

संध्याकाळी पेंटरचाच फोन आला. रविवारच्या पेपरबद्दल एक शब्द नाही.

"भेटली का हो?"

तिच्या मांडीवर ती वही होती, मधलं पान फाटलेली.

"नाही काका," ती म्हणाली. "दुकान बंद होतं."

"असेल, असेल. सोमवारचं बंद असेल," पेंटर म्हणाला. "पुन्हा जाल ना?"

"जाईन," ती म्हणाली.