डाव्या गालावरचा तीळ

बर्थाने चित्राखालचं कार्ड ओढून काढलं. चिकटपट्टीचा तुकडा तिच्या बोटालाच लागून राहिला.

“मावशी, उद्या उद्घाटन आहे,” क्षितिजा शिडीवरून म्हणाली. मुंबईच्या कलादालनातली ही मुलगी चर्चच्या सभागृहात फर्डिनंडची आत्मचित्रं लावत होती. फर्डिनंडला, बर्थाच्या नवऱ्याला, जाऊन वर्ष होत आलं होतं.

“‘निर्मितीशून्य काळ’ कोणी लिहिलं?”

“मीच. त्या वर्षांत त्यांनी मोठं काही केलं नाही.”

“मग गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या पाट्या काय तुझ्या आजोबांनी रंगवल्या?” चित्रातल्या फर्डिनंडच्या कॉलरवर लाल डाग होता. बर्थाने त्याच्यावर बोट ठेवलं. “हा पाटीचा रंग. उरलेल्या रंगात रात्री स्वतःला काढायचे. त्या शून्यावर आमची चूल पेटली.”

क्षितिजा खाली उतरली. बर्था पुढे सरकली होती. पहिल्या चित्रातला फर्डिनंड मान ताठ करून, सगळी वसई विकत घ्यायला निघाल्यासारखा बघत होता. पुढे कपाळ मोठं झालं, खांदे उतरले. ज्युलियस विहिरीत गेला त्या वर्षीच्या चित्रात भुवयांखाली डोळ्यांच्या जागी कोरा कॅनव्हास होता. खाली कार्ड: ‘अपूर्ण’.

तेही बर्थाने काढलं.

“पूर्ण आहे ते. मुलगा गेल्यावर बापाला काय दिसतं?”

शेवटचं चित्र सभागृहाच्या टोकाला होतं. अर्धांगाचा झटका आल्यानंतरचं. फर्डिनंड उशीला टेकलेला, ओठ एकीकडे ओढलेला, डोळे मात्र खट्याळ. प्रदर्शनाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच जाणार होतं. कार्डावर लिहिलं होतं: ‘एकाकी चित्रकाराची स्वतःशी शेवटची भेट.’

“एकाकी?” बर्था हळू म्हणाली. “आणि जन्मभर मी काय शेजाऱ्यांकडे राहत होते?”

क्षितिजाने चित्राजवळ जाऊन मागच्या चित्रांकडे वळून बघितलं, पुन्हा इकडे.

“मावशी, सगळीकडे तीळ उजव्या गालावर आहे. इथे डाव्या.”

“होताच डाव्या गालावर.”

“मग बाकीची चित्रं?”

“ती आरशात बघून काढलेली. आरसा मी धरायची. जरा हलला की ओरडायचे.”

“आणि हे?”

बर्थाने हातातली कार्डं एकावर एक नीट जुळवली.

“तेव्हा आरसा धरायला माझे हात मोकळे नव्हते. ब्रश माझ्याच हातात होता.”