गेनादीबाबांचा सेल्फ गोल

मुरलीधर मूळचा गुहागरचा. दुबईजवळच्या अजमानमध्ये, एका फ्लॅटमध्ये गेनादीबाबांची देखभाल करायचा. अंघोळ, जेवण, गोळ्या, सगळं त्याच्याकडे. बाबा म्हणजे सोव्हिएत जमान्यातले फुटबॉलपटू. अकरा सीझन बचावफळीत भिंतीसारखे उभे राहिले, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर शहात्तर सालचा एक सेल्फ गोल! पाय घसरला आणि बॉल आपल्याच जाळ्यात गेला. गावभर बोभाटा झाला की गेनादीने मॅच विकली. क्लबने काढलं, बायको सोडून गेली. म्हातारपणी मुलगी लारिसा त्यांना इकडे घेऊन आली. बाबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ही कहाणी मुरलीधरला शंभरदा ऐकवली असेल. हल्ली आपण जेवलो का, तेही त्यांना आठवत नसे, पण ती मॅच मात्र लख्ख आठवायची.

आणि आता पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारणार होतं. क्लबवर पुस्तक लिहिणारा एक पत्रकार व्हिडिओ कॉल करणार होता. बाबा सकाळपासून कोट घालून बसलेले. एकच घोकणं चाललेलं, "मी सांगणार. विकली नाही."

परकं माणूस दिसलं की बाबा बिथरायचे, म्हणून आधी शांत करणारी अर्धी गोळी द्यायची, असा मुरलीधरचा शिरस्ता. आज तर मोठा दिवस. गडबड नको म्हणून त्या शहाण्याने मायेपोटी अख्खी दिली. अरे, कुणाला विचारशील तरी!

कॉल लागला तेव्हा बाबांचे डोळे जड झाले होते. तब्येत बरी आहे ना? "दा," म्हणजे हो. क्लबची आठवण येते? "दा." मग पत्रकाराने विचारलं, ती मॅच तुम्ही विकली होती का?

"दा," बाबा गोड हसून म्हणाले.

लारिसाचा चेहरा पांढराफटक पडला. मुरलीधरने गोळीचं कबूल केलं. लारिसाने परत फोन लावून सगळं समजावलं, तर पत्रकार शांतपणे म्हणाला, वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, मुलगी दुसरं काय म्हणणार? खलास. ती मुरलीधरला एक शब्द बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बिचाऱ्याला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बाबांना तरतरी आली. त्यांनी केस विंचरून घेतले आणि फोनसमोर येऊन बसले.

"कॉल किती वाजता?"

लारिसा उठून बाल्कनीत गेली.

"येईल बाबा, इन्शाल्ला," मुरलीधर म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी बसून राहिला.