खांबाच्या पोटातलं घर

मी कुंपणाचा एक जुना लाकडी खांब आहे. मित्रांनो, माझ्या तारा कधीच गंजून गेल्या. उरलो मी एकटा, तोही वाकडा.

एके काळी माझ्या पलीकडे गाई चरत. म्हातारे मालक वारले, गाई विकल्या गेल्या आणि कुरण ओस पडलं. शेजारच्या जुन्या जंगलातले पक्षी दम खायला माझ्या डोक्यावर बसू लागले. बसले तर बसले, वर डोकंही घाण करू लागले! मला फार राग यायचा. पण त्या घाणीत फळांच्या बिया होत्या. माझ्या पायाशी रोपं उगवली, रोपांची झाडं झाली आणि झाडांवर आणखी पक्षी आले. वीस वर्षांत मी चक्क सावलीत आलो. आतून कुजून मऊ झालो, तेव्हा तांबट पक्ष्यांच्या जोडप्याने माझं पोट कोरून घर केलं. इथली झाडं अजून तरणीताठी, त्यांच्यात असं मऊ लाकूड कुठून असणार? म्हातारपणी माझा भाव वधारला!

मग एक दिवस मालकांचा मुलगा झाडांना लाल फिती बांधून गेला. दुसऱ्या दिवशी यंत्राने सगळं साफ होणार होतं. माझी तर पाचावर धारण बसली. माझ्या पोटात पिल्लं होती.

सकाळी तो आला, तेव्हा सोबत त्याची धाकटी बहीण होती. ती पक्षी मोजण्याचं काम करते.

"हे कसलं जंगल? नुसतं माजलेलं रान," तो म्हणाला. "मी सरळ रांगेत नवी झाडं लावीन."

"लाव की. आधी दहा मिनिटं गप्प उभा राहा, दादा. मध्ये बोललास तर मोजणी पहिल्यापासून."

मित्रांनो, तो दोनदा बोलला! तिसऱ्यांदा मात्र माझ्यावर रेलला आणि एकदम थबकला. हाताखाली चिवचिव चालली होती. तांबट फळ घेऊन आला, त्याला पाहून माघारी फिरला. दादा हळूच चार पावलं मागे सरकला. तांबट आत शिरला.

"किती झाले?" शेवटी त्याने कुजबुजत विचारलं.

"एकवीस जाती. बाबांच्या कुरणात चार होत्या. जुन्या जंगलातले कितीतरी पक्षी अजून यायचेत, त्यांना वेळ लागतो. आज कापलंस तर वीस वर्षं मातीत."

त्याने पहिल्या झाडाची फीत सोडली, मग दुसऱ्याची. गाठी घट्ट होत्या, त्यानेच मारलेल्या.

पिल्लं उडाली. मी समाधानी आहे. एवढंच मागणं आहे, मित्रांनो: आपोआप वाढणाऱ्या कोवळ्या जंगलाला पडीक म्हणू नका, त्याला म्हातारं होऊ द्या. तिथे कुजकी खोडं शंभर झाली, की माझी गरज उरणार नाही. त्या दिवशी मी खुशाल आडवा होईन.