पुठ्ठ्याच्या घराची पूजा

मी एक घर बोलतोय. ओटी, माजघर, चूल, मागची पडवी, सगळं आहे माझ्यात. फक्त माणूस आत शिरू शकत नाही, कारण माझी सगळी उंची वीतभर. पुठ्ठा, खळ आणि काड्यापेटीतल्या काड्या, एवढ्यावर मी उभा आहे. आजवर झुरळांशिवाय माझ्यात कुणी राहिलेलं नाही.

मला बनवलं कमळाकरनं. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरावर राबणाऱ्या काशीराम आणि सोनाबाईचा हा मुलगा मुंबईला आर्किटेक्टचं शिकत होता. गावात तो शब्द कुणाच्या जिभेवर बसेना. पोरगा गवंडीकाम शिकतोय असं लोक धरून चालायचे, आणि त्यासाठी मुंबईला कशाला जायचं, असं आपसात म्हणायचे.

शेवटच्या परीक्षेला आपल्या मनातल्या इमारतीचा नमुना करून न्यायचा होता. इतरांनी बंगले केले, सिनेमाची थेटरं केली. यानं मिठागरावर राबणाऱ्या बाईचं घर केलं. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात दारापुढच्या मांडवात बसून तो मला जुळवत असे. सोनाबाई कामावरून आली की मिठानं चिरलेले पाय पसरून शेजारी टेकायची.

"पाय धुवाला जागा कुठं हाय?"

"ही काय, दारातच मोरी. मिठाचे पाय घरात नाय आणायचे, आये."

"आन् चुलीचा धूर?"

"वरून जाईल. तुज्या डोल्यांत नाय जायाचा."

ती तोंडाला पदर लावून हसायची. पास झाला की पहिलं घर आईचं, असा त्याचा शब्द होता. काशीरामनं मात्र बजावलं होतं, "ह्या साली पास झालास तं ठीक. नायतर मिठागर हाय." त्या दिवसांत आपण खरंच बांधले जाणार, असं मला वाटायचं. पुठ्ठ्यालाही आशा असते.

परीक्षेच्या सकाळी कमळाकर आंघोळीला गेला आणि सोनाबाई पूजेचं ताट घेऊन माझ्यापुढे बसली. नवं घर पूजेशिवाय उंबऱ्याबाहेर कसं काढायचं? तिनं माझ्या दारावर ओल्या हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्यावर शिंपडलं. दगडामातीच्या घराला ते शोभलं असतं. मी ते पाणी प्यायलो. भिंत फुगली, हळद पसरत खिडकीपर्यंत चढली. ओरडावंसं वाटलं, पण मला कुठला आवाज?

कमळाकर आला आणि दारातच थबकला.

"आता कुनाची नजर लागाची नाय," सोनाबाई म्हणाली.

 तो तिच्या पाया पडला, मला कापडात गुंडाळलं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसला. 

"हे डाग कसले?" परीक्षकांनी विचारलं.

"माझ्या हातून पाणी सांडलं, सर."

"स्वतःचं काम ज्याला सांभाळता येत नाही, त्याच्या हाती लोकांनी घर कसं द्यायचं? पुढच्या वर्षी नवं करून आणा."

आईचं नाव त्यानं घेतलं नाही. मायेपोटी की तिच्या अडाणीपणाची लाज वाटली म्हणून, ते मला अजून उमगलेलं नाही.

पुढचं वर्ष त्याच्या नशिबात नव्हतं. गावी येऊन त्यानं "पास झालो" म्हणून सांगितलं. काशीरामनं गावभर पेढे वाटले. पोरगा मुंबईला एका कचेरीत लागला. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे पारदर्शक कागदावर गिरवून द्यायचे, एवढंच त्याचं काम. सोनाबाईनं मला देवांच्या फळीवर बसवलं. रोज सकाळी माझ्या दाराला हळदकुंकू लागायचं. शिमग्याला तो आला की ती विचारायची, "कवा बांधशील रं?" आणि तो खाली बघत म्हणायचा, "बांधू, आये." माझी खळ त्या एका शब्दानं दरवर्षी थोडी सुटत गेली. काशीराम तर वाट बघतच गेला.

परवा कमळाकरचा एक वर्गमित्र पनवेलला कामासाठी आला होता. तो घर शोधत आला. मला पाहून म्हणाला, "अहो आई, हेच ते! हा डाग पडला नसता, तर कमळाकर नापास झाला नसता. आज माझ्यासारखा आर्किटेक्ट असता." भला माणूस. चहा पिऊन निघून गेला.

सोनाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या पिवळ्या बोटांकडे.

"मीच बुडवला त्याला," ती म्हणाली.

तिनं ओलं फडकं आणलं आणि डाग पुसायला बसली. पुसत होती, रडत होती, पुन्हा फडकं भिजवत होती. डाग निघेना. शेवटी खळ सुटली आणि भिंतच तिच्या हातात आली. 

आता मला तीनच भिंती आहेत. हळदकुंकू बंद झालंय. सोनाबाई फळीकडे तोंड करत नाही, वाढलेलं ताट तसंच सरकवून ठेवते.

कमळाकर, मला पुन्हा जोडत बसू नकोस. शिमग्याला येशील तेव्हा खुशाल होळीत टाक. पण त्याआधी आईजवळ बस, आणि परीक्षकांपुढे जे खोटं बोललास तेच तिच्यापुढे बोल. वाटेत पाणी माझ्याच हातून सांडलं, म्हण. परीक्षेच्या दिवशी तू मायेपोटी बोललास की लाजेपोटी, ते जळण्याआधी मला कळू दे.