झुंबर दिसणार नाही

आमच्या क्वांटम संगणकाचं सोनेरी झुंबर, म्हणजे छतापासून लटकणारा तारा-नळ्यांचा सांगाडा, फोटोत भारी दिसतं, मान्य. पण ते दिसतंय याचा अर्थच यंत्र बंद आहे. चालू असताना त्यावर पांढरी पिंपं चढवलेली असतात, आत अवकाशाहून जास्त थंडी, आणि बघायला काय, तर पिंप! म्हणून नवरा रोज फोनवर पहिलं तेच विचारतो, "झुंबर दिसतंय का?" तो साध्या प्रोसेसरच्या कारखान्यात आहे, चेष्टेची एक संधी सोडत नाही. मी 'नाही' म्हटलं की समजतो, बायको आज उशिरा येणार.

त्या दिवशी सकाळीच साहेब आले. "दुपारी पाहुणे येतायत, पैसे गुंतवणारे. पिंपं उतरवा."

"मोजणी चालू आहे, साहेब. गणित करणारे क्युबिट वाढवले की गणितातल्या चुका कमी होतात का, ते आज संध्याकाळी कळेल. उघडलं की सगळं तापणार. पुन्हा थंड केल्यावर क्युबिट असेच वागतील याचा भरवसा नाही."

"कमी झालेल्या चुका कुणाला दिसतात? झुंबर दिसतं!"

डोक्यात तिडीकच गेली. अहो, ही प्रयोगशाळा आहे की लग्नाचा हॉल?

"नाही उतरवणार."

"मग मी उतरवतो," म्हणत साहेब पाना शोधू लागले. पाना माझ्या पर्समध्ये होता. पर्स मांडीवर घेऊन मी यंत्रासमोर ठाण मांडलं.

पाहुणे आले. एकाने पिंपाकडे बघून विचारलं, "यात बघण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "चालू आहे ना!"

ते घड्याळं बघत निघून गेले. त्यांना सोडून साहेब परत आले, ते लालबुंद होऊनच. "उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज काम करू द्या."

संध्याकाळी आकडा आला. चुका निम्म्यावर! डोळे चोळून पुन्हा पाहिला, तोच. खात्रीसाठी दुसरी फेरी लावली, आणि फोन वाजला.

"झुंबर दिसतंय का?"

"नाही रे. आता कधी दिसणारही नाही मला. नोकरी गेली." आणि लगेच ओरडलेच, "पण चालतंय! ऐकतोयस ना? चालतंय!"

दुसरी फेरी सकाळी संपणार होती. पाना मी घरी घेऊन आले.