एकोणतीस डोकी

आमच्या भिंगरीच्या कॉलरवर ऊ दिसली तो मंगळवार होता. बुधवारी तिचं बाक वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, एकटं नेऊन ठेवलं. शिवाय अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं गेलं, की उवा हिच्यामुळे आल्यात, हिच्याजवळ कुणी बसायचं नाही. हे सांगणाऱ्या होत्या पालक समितीच्या अध्यक्षबाई. वर्गशिक्षिका शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी मान हलवली.

मी बायकांच्या सलूनमध्ये केस कापते. चौदा वर्षं झाली. उवांना मी घाबरत नाही आणि त्यांची मला लाजही वाटत नाही. त्याच संध्याकाळी भिंगरीला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, केस ओले केले आणि दोन तास बारीक फणी फिरवली. चार दिवसांनी पुन्हा फिरवली, त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा. डोकं स्वच्छ झालं. तसं मी शाळेच्या वहीत लिहून पाठवलं. उत्तर आलं, समितीची तपासणी होईपर्यंत बाक आहे तिथेच राहील.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, चार दिवसांत विसरतील." त्याचं सगळं जाऊ देण्यावरच चालतं. पण आठ वर्षांचं लेकरू विसरत नसतं. जिला घरात एका जागी बसवायला मला धाक घालावा लागायचा, ती भिंगरी शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली, कुणादेखत डोक्याला हात लावायलाही भ्यायला लागली. एका संध्याकाळी माझी कात्री घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, माझं टक्कल कर."

"कशाला?"

"मग केसच नसतील. मग मला ठकीशेजारी बसू देतील."

ठकी म्हणजे तिची पहिलीपासूनची बाकावरची मैत्रीण. मी कात्री तिच्या हातातून काढून घेतली आणि सांगितलं, तुझ्या केसाला कुणी हात लावणार नाही, आणि तुझं बाक मी स्वतः परत आणीन. बोलून बसले खरी. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

शुक्रवारच्या तपासणीसाठी शाळेने पालकांकडून मदत मागितली होती. मी पहिलं नाव दिलं. सुट्टी मागितली तेव्हा सलूनच्या मालकिणीने तोंड वाकडं केलं, पण दिली. माझ्या पिशवीत लांब दांड्याच्या बारीक फण्या, पांढरे कागदी रुमाल आणि भिंग टाकलं आणि निघाले.

तिसरीच्या वर्गात लहान मुलांच्या खुर्च्या. त्यांच्यावर मोठं माणूस बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. एक बेकरीवाला बाप तसाच बसला होता. त्याच्या बाहीला पीठ लागलेलं होतं आणि हातात हा एवढा मोठा टॉर्च. दारातून अध्यक्षबाई आल्या, मला बघून थबकल्या.

"अगं, तू? इथे?"

सहा वर्षं ही बाई दर महिन्याला माझ्या बेसिनमध्ये मान टाकून पडते. तिचे पांढरे केस किती आहेत हे तिच्या नवऱ्याला माहीत नसेल, मला माहीत आहे. गेला महिनाभर मात्र ती आली नव्हती. सलूनबाहेर आम्ही कधी समोरासमोर आलो नव्हतो. शाळेच्या सभा संध्याकाळी असतात आणि संध्याकाळी मी दुसऱ्यांची डोकी धूत असते.

"मी भिंगरीची आई," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगंबाई! ती... ती तुझी का? मला कसं माहीत असणार?"

म्हणजे माझी आहे हे माहीत असतं तर हळू आवाजात बोलल्या असत्या की काय, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी फण्या मांडायला घेतल्या. दोघी एकमेकींकडे न बघता टेबलावरचे रुमाल सरळ करत राहिलो. ते सरळच होते.

मग त्यांनी एक यादी पुढे केली. तिच्यावर सात नावं. मी वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातही मुलं पुलापलीकडच्या इमारतींतली. आमच्या.

"एवढीच?" मी विचारलं.

"बाकीच्यांची गरज नाही. त्यांच्या घरी स्वच्छता असते. उगाच सगळ्यांचा वेळ कशाला घालवायचा?"

"मॅडम, उवेला साबणाचं वावडं नसतं. तिला डोकं लागतं. वर्गात डोकी किती आहेत?"

"एकोणतीस," वर्गशिक्षिका मागून म्हणाल्या.

"मग एकोणतीस बघणार. शाळेच्या पत्रात 'सर्व मुलांची तपासणी' लिहिलंय. मी पत्र आणलंय." मी पिशवीतून पत्र काढून टेबलावर ठेवलं. वर्गशिक्षिकांनी ते वाचलं, अध्यक्षबाईंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लिहिलंय खरं." पहिल्यांदाच त्या बाईंनी स्वतःहून काही म्हटलेलं मी ऐकत होते.

मुलांना मैदानावर सोडलं आणि एकेकाला आत बोलावलं. बेकरीवाल्याला प्रत्येक डोक्यात काहीतरी दिसायचं. "सापडली! सापडली!" म्हणून तो ओरडायचा आणि मी जाऊन बघायचे तर कोंडा. त्याला दाखवलं, कोंडा फुंकर मारली की उडतो, लीख केसाला चिकटलेली असते, ओढली तरी सरकत नाही. मग तो फुंकरी मारत बसला. पीठ चाळण्याचा हात होता, शिकला पटकन.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. ऊ अंडी घालते ती केसाच्या मुळाशी. पिल्लू बाहेर पडलं तरी पांढरं रिकामं टरफल केसालाच राहतं, आणि केस वाढेल तसं मुळापासून लांब जातं. केस महिन्याला साधारण नखाएवढा वाढतो. त्यामुळे टरफल किती लांब गेलंय हे बघून उवा कधीच्या ते आम्हाला कळतं. भिंगरीच्या डोक्यात मी पहिल्या संध्याकाळी बघितलं होतं, सगळ्या लिखा मुळाशी, ताज्या. कुणाकडून तरी नुकत्याच आलेल्या.

भिंगरीचं डोकं मी बघितलं नाही, वर्गशिक्षिकांना बघायला लावलं. काही नव्हतं. त्यांनी तसं कागदावर लिहिलं आणि सही केली. यादीतल्या बाकी सहांपैकी दोघांच्या डोक्यात उवा होत्या. यादीबाहेरच्या दहा जणांच्या डोक्यात होत्या. प्रत्येक वेळी मी फणी रुमालाला पुसायचे, रुमाल घडी करायचे आणि पुढच्या मुलाला बोलवायचे. अध्यक्षबाई दाराशी उभ्या राहून मोजत होत्या, पण कुणाच्या रुमालावर काय हे त्यांना तिथून दिसत नव्हतं.

शेवटच्या पाचांत ठकी आली. लांब, चकचकीत वेणी, टोकाला दोन रंगांची रिबन. मी वेणी सोडली, कानामागचे केस उचलले आणि माझा हात थांबला. मुळाशी ताज्या लिखा तर होत्याच, पण पांढरी टरफलं पार नखभर लांब गेलेली. महिन्याच्या वरचं दुखणं. वर्गात सगळ्यात जुनं. दारातून अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्या सोनीला फार वेळ नको लावूस हं, तिचं डोकं मी रोज धुते."

ठकी अध्यक्षबाईंची मुलगी होती, घरची सोनी. मला हे तेव्हा कळलं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कोण आनंद! सोळा दिवस पोटात दाबलेलं सगळं वर आलं. मोठ्याने सांगावं, मैदानापर्यंत ऐकू जाईल असं सांगावं. तोंड उघडणार तेवढ्यात पोरीने माझा ॲप्रन धरला.

"मावशी," ती कुजबुजली, "आईला सांगू नका. आई म्हणते, घाणेरड्या मुलांना होतात. मी कुणालाच सांगितलं नाहीये. मी रात्री हळूच खाजवते."

माझा आनंद तिथल्या तिथे विरला. मी तिची वेणी पुन्हा घातली, रिबन होती तशी बांधली. "सांगावं लागेल गं, नाहीतर जाणार कशा? पण तू घाणेरडी नाहीस. हे माझ्याकडून ऐकून ठेव, मी आजवर हजारो डोकी बघितलीत." ती मान खाली घालून पळाली.

तपासणी संपली. अध्यक्षबाई वही घेऊन आल्या.

"नावं दे. वर्गाच्या दाराला लावायची आहेत."

"नावं नाही देणार. बारा मुलं आहेत, एवढं लिहा."

"म्हणजे काय? समितीचं ठरलंय."

"ज्याच्या डोक्यात सापडल्या त्याच्या आईला मी सांगीन. बाजूला घेऊन, एकेकीला. औषध कोणतं, फणी कशी फिरवायची, सगळं."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे बघ, तुला शाळेची शिस्त माहीत नाही. तुझ्या मालकिणीशी मला बोलावं लागेल. आणि तुझी मुलगी खिडकीशीच राहील."

"मालकिणीशी जरूर बोला. नंबर तुमच्याकडे आहे. आणि खिडकीशी बसवायचंच असेल तर तिथे बारा बाकं लागतील आणि त्यांत माझ्या मुलीचं नसेल. बोला, बाकं कोण उचलणार? मी एक उचलते, माझ्या लेकीचं, आणि ते परत आणते."

"बारा कोण ते तर सांग!"

"म्हटलं ना, एकेकीला सांगीन." मी फण्या पिशवीत टाकल्या. "तुमच्यापासून सुरुवात करू का?"

बेकरीवाला टॉर्च उघडझाप करत खिडकीबाहेर बघायला लागला. अध्यक्षबाईंनी वही मिटली.

व्हरांड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. टरफल, केसाची वाढ, महिना. काहीही फिरवून सांगितलं नाही आणि आवाजही चढवला नाही. मुलगी घाबरलेली आहे, तिला रागावू नका, हेही सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "बाक घे हलवून. पण हे कुणाला कळता कामा नये."

मी आत जाऊन बाक उचललं. एकटीनेच. बेकरीवाला धावला तर त्याला म्हटलं, राहू द्या, हे मलाच उचलायचंय. दुसऱ्या रांगेत होतं तिथे ठेवलं. मुलं आत आली. भिंगरी आपल्या जुन्या जागी उभी राहिली, पण बसेना. मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल.

"आई, मग कुणाच्या डोक्यात होत्या?"

"ते सांगायचं नसतं, बाळा. लाज वाटते ना कुणाला."

तिने माझ्याकडे बघितलं. "माझं तर सगळ्यांना सांगितलं होतं."

बाक आणलं म्हणजे सगळं आणलं, असं मी मूर्खासारखी समजत होते. अध्यक्षबाई पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. मी त्यांना दारात गाठलं.

"जे बोललात ते मागे घ्या. या वर्गासमोर."

"बाक दिलं ना आता?"

"बाक दिलंत. बोललेलं तसंच आहे."

त्या दातांवर दात ठेवून हळू म्हणाल्या, "नाही घेतलं तर? आमच्या सोनीचं नाव फोडणार आहेस?"

"नाही. तिचं नाव माझ्या तोंडून कधीच निघणार नाही, तुम्ही काहीही करा. मी फक्त इथे बसणार आहे." आणि मी वर्गात, फळ्यासमोर, त्या एवढ्याशा खुर्चीवर जाऊन बसले. गुडघे हनुवटीला. एकोणतीस मुलं माझ्याकडे बघत होती. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तास सुरू करायचाय." मी म्हटलं, "करा की. मी काही बोलत नाहीये." त्यांनी खडू घेतला, पण फळ्यावर काही लिहिलं नाही. त्याही दाराकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात ठकी आपली पाटी-दप्तर घेऊन उठली आणि गपचूप भिंगरीशेजारी जाऊन बसली.

ते बघून की कशाने कोण जाणे, अध्यक्षबाई आत आल्या. फळ्याकडे तोंड करून पुटपुटल्या, "उवा भिंगरीमुळे आल्या नव्हत्या."

"मागच्या बाकांना ऐकू गेलं नाही, मॅडम," मी खुर्चीवरूनच म्हटलं. "त्या दिवशी गेलं होतं."

त्या वळल्या. माझ्याकडे नाही, मुलांकडे बघितलं. आणि या खेपेला त्यांचा आवाज पार मैदानापर्यंत गेला असणार.

"उवा भिंगरीमुळे आल्या नव्हत्या. मी चुकीचं बोलले होते."

भिंगरी बसली. मग तिने हात वर करून, सगळ्या वर्गादेखत, खुशाल डोकं खाजवलं.