वरचा एक खटका

सूर्य मावळायला चाळीस मिनिटं होती आणि माझ्याकडे तीन कपांपुरत्या कॉफीबिया. पप्पांचं चौविहाराचं जैन व्रत, सूर्यास्तानंतर ते पाणीही घेत नाहीत. त्याआधी एक चांगली एस्प्रेसो पाजली, तर जळगावातल्या आमच्या धान्यदुकानाची रस्त्याकडची खिडकी मला कॉफीसाठी मिळणार होती. नाहीतर उद्यापासून धुळ्याच्या दुकानात सरकी पेंड विकायची. पेंडीबद्दल माझी तक्रार नाही. म्हशींनीही कधी केलेली नाही.

अडचण हातग्राइंडरची होती. सकाळी तो उघडून मी पात्यांतला जुना चुरा ब्रशने काढला होता. असं केलं की शून्य नव्याने शोधावं लागतं: पाती टेकून दांडा अडेपर्यंत बारीक-जाडची रिंग आवळायची, मग उलट चौदा खटके सैल करायची. रिंग इतकी कडक, की एकाने ग्राइंडर धरायचा आणि दुसऱ्याने फिरवायचं. दुसरे म्हणजे झुलालभाऊ, तीस वर्षं आमच्याकडे धान्य मोजणारे मापारी.

"चौदा," मी सांगितलं.

"लाभ, दोन, तीन..." त्यांनी सुरू केलं. धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत.

पहिला कप नऊ सेकंदांत आला. तीस लागायला हवेत. चव चिंचेच्या पाण्याची. म्हणजे दळण जाड.

"एक खटका आवळा."

दुसऱ्या कपात काहीच येईना. मी हाताने दाबायच्या कॉफीयंत्राच्या दांड्यावर अक्षरशः लोंबकळलो, तेव्हा एक थेंब आला, तोही उपकार केल्यासारखा. एका खटक्यात पाण्याचं डांबर? मी बियांना दोष दिला, वजनकाट्याला दिला, मग उन्हाला. पप्पा दोनदा दारातून आभाळ बघून गेले.

"झुलालभाऊ, एक सैल." या वेळी मी कान लावला. कट्. कट्.

"दोन का?"

"एक तुमना. एक वर."

"वर?"

"गिऱ्हाईकले वर थोडं देनं पडस, भाऊ."

"मग मघाशी चौदाचे..."

"पंधरा. मी काय कंजूस शे?"

म्हणजे आवळतानाही एक वर, आणि आता पुन्हा पंधरा. मी स्वतः एक खटका आवळला, उरलेल्या बिया दळल्या, दांडा दाबला. काकवीसारखी धार, तीस सेकंद. कप घेऊन धावलो.

"सात-तीनला मावळला," पप्पा म्हणाले. सात-पाच झाले होते.

"निदान वास घ्या."

"वास चालतो का, ते महाराजांना विचारावं लागेल." ते वळले. "झुलालभाऊ, तुम्ही बघा."

झुलालभाऊंनी दाताखाली गहू फोडून बघावा तसा घोट चावला. मी मनात धुळ्याची बस धरली होती.

"कडू शे, शेठ. पन मालमां भेसळ नही."

तीस वर्षांत पप्पांनी त्यांचा शब्द मोडला नव्हता. "ठीक आहे. खिडकी तुझी."

मी पाया पडायला वाकलो.

"पण माप झुलालभाऊच करतील. या दुकानात मापाला दुसऱ्याचा हात लागत नाही."

झुलालभाऊंनी मान डोलावली आणि ग्राइंडर उचलून पायलीशेजारी ठेवला.